सशाने ओळखलेले प्रथिन

उंदरांची नुकती जन्मलेली पिले. पहिल्या दिवसापासून त्यांना सशाच्या रक्तातून काढलेले सीरम टोचले जात होते. पिले दगावली नाहीत. ती आईला लुचली, अंगाने भरली, पिंजऱ्यात हिंडू लागली. वरवर पाहणाऱ्याला त्यांच्यात काही उणे दिसले नसते. पुढे विच्छेदन करून पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा मात्र अनुकंपी चेतासंस्थेचा बहुतेक भाग गायब झालेला आढळला. हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, घाम यांचा कारभार पाहणारी ही संस्था त्या पिलांमध्ये नावापुरतीच उरली होती.

रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि बार्बरा बुकर यांनी हा प्रयोग सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात केला आणि १९६० साली प्रसिद्ध केला. ससा त्यात अपघाताने आला नव्हता. त्या सशाला आधी उंदराच्या लाळग्रंथीतून वेगळे काढलेले एक प्रथिन टोचले होते. सशाच्या शरीराने ते परके मानले आणि त्याला नेमके पकडणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, तयार केल्या. त्या अँटिबॉडी पिलांच्या रक्तात गेल्या, पिलांचे स्वतःचे तेच प्रथिन त्यांनी अडवून धरले आणि त्या प्रथिनावर जगणाऱ्या चेतापेशी मरून गेल्या.

त्या प्रथिनाचे नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. ते दिले की चेतापेशींना तंतू फुटतात, हे तोवर माहीत झाले होते. पण दिल्यावर वाढ होणे वेगळे आणि शरीराला त्याची रोजची गरज असणे वेगळे. ही गरज सिद्ध करायची तर ते प्रथिन काढून घेऊन काय होते ते पाहायला हवे होते. जिवंत प्राण्याच्या रक्तातून हजारो प्रथिनांपैकी एकच वेचून बाजूला काढणारे साधन त्या काळी एकच होते, सशाचे सीरम. आज जगभरातल्या फ्रीझरांत एनजीएफविरुद्धच्या अँटिबॉडीच्या ज्या चिमुकल्या नळ्या ठेवलेल्या असतात, त्यांचा वंश या सशापर्यंत जातो.

या प्रथिनाचा शोध जिथून सुरू झाला ती जागा प्रयोगशाळा नव्हतीच. १९३८ साली मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी ज्यू संशोधकांना विद्यापीठांतून बाहेर काढले. ट्यूरिनमध्ये नुकत्या डॉक्टर झालेल्या रीटाने घरातल्या झोपायच्या खोलीत बाक मांडला. शिवणाच्या सुया घासून तिने बारीक पाती केली, घड्याळजीचा चिमटा आणला आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम सुरू केले. पायाचा अंकुर कापून टाकला तर त्या पायाकडे जाणाऱ्या चेतापेशींचे काय होते, हा तिचा प्रश्न होता. व्हिक्टर हॅम्बर्गर यांचा १९३४ चा शोधनिबंध वाचून तो तिच्या डोक्यात शिरला होता. बाहेर बाँबफेक चालू असताना तिने उत्तर गाठले: पेशी तयार होतात, पण मुक्कामाला काही मिळाले नाही तर मरतात. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये हॅम्बर्गर यांनीच तिला सेंट लुईसला बोलावले. काही महिन्यांसाठी गेलेली ही बाई तिथे सुमारे तीस वर्षे राहिली.

चेतापेशींना मुक्कामाला जे मिळते ते नेमके काय, याचा माग उंदराच्या एका गाठीतून लागला. एल्मर ब्यूकर यांनी १९४८ मध्ये दाखवले होते की ही कर्करोगाची गाठ कोंबडीच्या गर्भात रुजवली की चेतातंतू तिच्यात घुसतात. रीटाने हा धागा उचलला. १९५२ साली ती गाठ असलेले उंदीर सोबत घेऊन ती विमानाने रिओ दि जानेरोला गेली, कारण तिथे हेर्टा मेयर काचेत ऊती वाढवण्यात निष्णात होत्या. कर्करोगाच्या गाठीचा तुकडा चेतापेशींच्या गाठीजवळ ठेवला आणि दिवसभरात चेतापेशींच्या गाठीभोवती सूर्याच्या किरणांसारखे तंतूंचे वलय उमटले. कर्करोगाच्या गाठीतून काहीतरी झिरपत होते.

ते काहीतरी हातात यायला जीवरसायनशास्त्रज्ञ लागणार होता. स्टॅनले कोहेन १९५३ मध्ये आले. गाठीच्या अर्कात न्यूक्लिक आम्लाचा काही वाटा आहे का, हे तपासायला त्यांनी सापाचे विष वापरले, कारण विषात न्यूक्लिक आम्ल तोडणारी विकरे असतात. अशा प्रयोगात नुसते विष घातलेली एक बशी तुलनेसाठी ठेवावी लागतेच. तिच्यात काहीच घडू नये अशी अपेक्षा होती. उठले ते आधी कधी पाहिले नव्हते एवढे दाट वलय. विषातच एनजीएफ होते, आणि गाठीत असते त्याच्या कितीतरी पट. विषग्रंथी ही मुळात लाळग्रंथीचीच बहीण, म्हणून कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या; प्रौढ नराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत या प्रथिनाचा साठाच सापडला. तिथून ते शुद्ध करता आले, सशाला टोचता आले, आणि ती नवजात पिले इतिहासात आली. १९८६ चे नोबेल पारितोषिक रीटा आणि कोहेन या दोघांनी मिळून घेतले. या साऱ्या कथेला वळण दिले ते तुलनेसाठी ठेवलेल्या एका बशीने, हे अँटिबॉडी हाताळणाऱ्या प्रत्येकाने मनाशी धरावे असे आहे.

सशाच्या सीरममध्ये एकाच प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागांना धरणाऱ्या अनेक अँटिबॉडी एकत्र असतात. पकड त्यामुळे जोरकस मिळते, पण प्रत्येक सशाचे मिश्रण निराळे, आणि एकाच सशाचे सुद्धा पहिल्या व शेवटच्या वेळी काढलेले रक्त सारखे नसते. ससा मेला की ते मिश्रण जगातून कायमचे गेले. १९७५ मध्ये जॉर्जेस क्योलर आणि सीझर मिलस्टीन यांनी केंब्रिजमध्ये अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि न मरणारी कर्कपेशी यांचा संकर केला. त्यातून एकाच साच्याची अँटिबॉडी पुन्हा पुन्हा मिळू लागली. एनजीएफविरुद्ध आज दोन्ही प्रकार मिळतात. कुठे ससा, कुठे मेंढी किंवा शेळी, कुठे उंदराच्या नाहीतर घुशीच्या पेशींचा वाण, हे नळीवर लिहिलेले असते. पुढचे सगळे काम त्या एका ओळीवर बेतावे लागते.

नळी येते तेव्हा तिच्यात बहुधा डोळ्यांना दिसेल न दिसेल असा पांढरा थर असतो. शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. गोठवून सुकवलेली ही पूड प्रवासाला बरी, कारण पाणी नाही तिथे प्रथिनाला बिघडायला वाव कमी. महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर जी प्रतिविषाची कुपी असते, तीत याच पद्धतीने सुकवलेली पूड असते. परळच्या हाफकिन संस्थेमुळे मराठी माणसाला ओळखीचे झालेले ते औषध घोड्याच्या अँटिबॉडीपासूनच बनते, आणि वीज गेलेल्या गावातही ते टिकावे म्हणूनच सुकवलेले असते. संशोधनाच्या नळीला मात्र पाणी लागले की तिची नाजूक अवस्था सुरू होते.

म्हणून ती आल्या आल्या उघडायची नाही. आधी काही सेकंद सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून झाकणाला चिकटलेली पूड तळाशी आणायची. नाहीतर झाकण उघडताना अर्धा माल हवेत जातो. मग सांगितले असेल तेवढेच निर्जंतुक पाणी किंवा बफर हलक्या हाताने घालायचे आणि पूड आपोआप विरघळू द्यायची. जोराने घुसळले तर फेस येतो. फेसाच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर प्रथिनाची घडी उलगडते, आणि उलगडलेली अँटिबॉडी कशालाच धरत नाही.

विरघळल्यावर लगेच करायचे काम म्हणजे अलिकॉट, एका वेळी लागतील तेवढे छोटे वाटे. अँटिबॉडीला थंडीपेक्षा गोठणे आणि वितळणे यांची ये-जा जास्त बाधते. पाणी गोठताना शुद्ध बर्फाचे स्फटिक बनतात आणि प्रथिने व क्षार उरलेल्या द्रवात दाटीवाटीने कोंबले जातात. बफरात सोडियम फॉस्फेट असेल तर त्याचा एक क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि द्रवाची आम्लता अचानक वाढते. प्रत्येक फेरीत थोड्या अँटिबॉडी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. नळी तशीच दिसते, लेबल तेच असते, पण पकड मात्र कमी झालेली असते. वाटे फार बारीकही करून चालत नाही. दहा मायक्रोलिटरच्या आतला द्रव वाळतो, शिवाय प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून बसलेल्या प्रथिनाचे प्रमाण वाढते. विरळ द्रावणात गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन घालतात ते यासाठीच, भिंतीला काय चिकटायचे ते अल्ब्युमिन चिकटावे म्हणून.

उणे वीस किंवा उणे ऐंशी अंश, हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. फ्रीझर कोणता, हे विचारायचे राहून जाते. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती धाटणीचा फ्रीझर ठरावीक वेळाने स्वतःला थोडा तापवतो. आतल्या छोट्या नळ्या कुणी हात न लावता वितळण्याच्या काठावर जाऊन येतात. द्रावणात निम्मे ग्लिसरॉल असेल तर ते उणे वीसला गोठतच नाही आणि ये-जा टळते. रोजच्या वापरातली नळी चार अंशांवर काही आठवडे सुखरूप राहते, पण तिथे जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड लागते. ते पेशींच्या श्वसनावर घाव घालते आणि रंग उमटवायला वापरल्या जाणाऱ्या हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज या विकरालाही रोखते. जिवंत चेतापेशींवर अँटिबॉडी घालायची असेल आणि तिच्यात अझाइड असेल, तर पेशी एनजीएफ अडल्याने मेल्या की अझाइडने, हे कुणालाच सांगता येणार नाही.

एवढा जीव टाकण्याला कारण आहे. परदेशातून मागवलेल्या अशा एका नळीला हजारो रुपये सहज पडतात, त्यात करदात्याचा पैसा असतो, आणि ती यायला आठवडे लागतात. तिच्यामागे एका जनावराचे रक्त असते. आणि त्याहून मोठे म्हणजे, पुढे शोधनिबंधात जे विधान छापले जाईल त्याचा आधार ही नळीच असते. अँटिबॉडी ही प्रयोगातली साक्षीदार आहे. तिला नीट सांभाळावे लागते आणि तिची उलटतपासणीही घ्यावी लागते.

एनजीएफच्या बाबतीत ही उलटतपासणी किती आवश्यक आहे, हे अल्झायमरच्या संशोधनाने दाखवले. रोग्यांच्या मेंदूत एनजीएफ वाढलेले आढळत होते, आणि ते कोड्यात टाकणारे होते: चेतापेशींना जगवणारे प्रथिन वाढले असताना त्याच पेशी का मरतात? प्रथिन शरीरात आधी लांब रूपात बनते आणि मग कापले जाऊन ११८ अमिनो आम्लांचे प्रौढ एनजीएफ तयार होते. त्या लांब रूपाला प्रो-एनजीएफ म्हणतात. प्रथिनाचे प्रमाण मोजणाऱ्या एलायझा चाचणीतली अँटिबॉडी दोन्हींना धरत असेल तर आकडा एकच येतो. मार्गारेट फानेस्टॉक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वेस्टर्न ब्लॉटवर प्रथिने वजनानुसार वेगळी करून तीच विचारणा केली. प्रौढ एनजीएफची तेरा किलोडाल्टनची पट्टी जिथे असायला हवी तिथे नव्हती. मेंदूत मुख्यतः प्रो-एनजीएफ होते आणि रोगात वाढले होते ते तेच. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवले की प्रो-एनजीएफ पेशीवरच्या पी-७५ या ग्राहकाद्वारे, म्हणजे रिसेप्टरद्वारे, पेशींना मरणाकडेही ढकलू शकते. अँटिबॉडी खोटे बोलली नव्हती. तिला अर्धाच प्रश्न विचारला गेला होता.

एनजीएफचे जवळचे नातलगही घोळ घालतात. त्यांतले बीडीएनएफ हे प्रथिन १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळे काढले गेले आणि त्याची रचना एनजीएफशी बरीच मिळती निघाली. पाठोपाठ कुटुंबातले आणखी सदस्य सापडले. त्यांच्यातला समान भाग धरणारी अँटिबॉडी भावालाही तेच नाव देऊन मोकळी होईल. म्हणून ऊतीच्या पातळ कापावर १:५०० किंवा १:१००० विरल करून अँटिबॉडी रात्रभर चार अंशांवर ठेवली की काम संपत नाही. शेजारच्या कापावर फक्त दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला धरून तिची जागा दाखवणारी), आणखी एकावर शुद्ध एनजीएफने आधीच भागवलेली अँटिबॉडी, आणि शक्य तर एनजीएफच नसलेली ऊती, असे तुलनेचे काप बाजूला हवेत. एनजीएफचे जनुक काढलेले उंदीर १९९४ मध्ये तयार झाले. ते जन्मानंतर काही आठवड्यांतच मरत, त्यामुळे अशी ऊती मिळणे कठीण. पण त्यांच्यातही अनुकंपी चेतापेशी नाहीशा होत्या, शिवाय वेदना जाणणाऱ्या पेशीही. सशाच्या सीरमने १९६० साली सांगितलेली गोष्ट चौतीस वर्षांनी जनुकाने, अगदी स्वतंत्र वाटेने, खरी ठरवली.

सगळ्याच अँटिबॉडींचे सांगणे असे टिकले नाही. २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक संशोधकांच्या सह्यांनिशी 'नेचर'मध्ये लिहिले की भरवशाच्या नसलेल्या अँटिबॉडींवर अफाट पैसा वाया जातो आहे. अँटिबॉडीचा जनुकीय क्रम माहीत हवा आणि ती त्या क्रमावरून बनवली जावी. कॅनडात सुरू झालेल्या वायकारोस या उपक्रमाने मग उत्पादकांनाच सोबत घेतले. ६५ प्रथिनांविरुद्धच्या ६१४ अँटिबॉडी, प्रत्येकीसाठी ते प्रथिन असलेल्या आणि त्याचे जनुक काढून टाकलेल्या पेशी शेजारी शेजारी ठेवून, २०२३ मध्ये तपासून झाल्या. एकेका प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंध असे निघाले, ज्यांत वापरलेली अँटिबॉडी त्या प्रथिनाला ओळखतच नव्हती. दिलासा देणारी गोष्ट पुढे आहे: निकाल हाती आल्यावर उत्पादकांनी अपेक्षेला न उतरलेल्यांपैकी सुमारे वीस टक्के अँटिबॉडी बाजारातून काढल्या आणि सुमारे चाळीस टक्क्यांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या. क्रमावरून बनवलेल्या अँटिबॉडी इतर दोन्ही प्रकारांपेक्षा सरस ठरल्या.

एनजीएफविरुद्धची अँटिबॉडी प्रयोगशाळेबाहेरही पडली, आणि तिथे चुकीची किंमत माणसाच्या सांध्यांनी मोजायची होती. एनजीएफच्या ग्राहकात जन्मजात दोष असलेल्या मुलांना वेदना जाणवत नाही आणि घामही येत नाही. ती जीभ चावतात, भाजली तरी हात मागे घेत नाहीत. म्हणजे वेदनेच्या मुळाशी एनजीएफ आहे. मग ते अडवले तर गुडघेदुखी थांबेल या विचारातून टॅनेझुमॅब हे औषध घडले. वेदना कमी झालीही. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजल्याचे दिसले आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चाचण्या थांबवल्या. २०१२ मध्ये पुन्हा थांबवल्या, या वेळी प्राण्यांच्या अनुकंपी चेतासंस्थेत बदल दिसले म्हणून. बुकर आणि लेव्ही-मोंताल्चिनी यांनी ज्या संस्थेकडे बोट दाखवले होते, तीच ही. २०२१ च्या मार्चमध्ये सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मताने औषध नाकारले आणि त्याच वर्षी कंपन्यांनी ते काम बंद केले. संधिवाताने लंगडणाऱ्या मांजरांसाठी आणि कुत्र्यांसाठी मात्र याच तत्त्वावरच्या अँटिबॉडींना मान्यता मिळाली आहे.

अँतोनिनो कात्तानेओ यांच्या गटाने घुशीच्या पेशींतून काढलेली एक अँटिबॉडी या सगळ्याचा सूक्ष्मपणा दाखवते. २००० साली त्यांनी असे उंदीर केले, जे स्वतःच्या शरीरात ही अँटिबॉडी बनवत. प्रौढ वयात त्यांच्या मेंदूत अल्झायमरसारखी पडझड सुरू झाली. ही अँटिबॉडी प्रौढ एनजीएफला प्रो-एनजीएफपेक्षा कितीतरी पट घट्ट धरते, हे कळल्यावर त्या पडझडीचा अर्थ नव्याने लावावा लागला: पोषक रूप अडवले जात होते आणि घातक रूप मोकळे राहत होते. अँटिबॉडी नेमके काय धरते हे माहीत असले, तर तिच्यामुळे घडलेली हानीसुद्धा ज्ञान देते.

पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थिनीला आज या माहितीचा फायदा घेता येतो. वायकारोसचे अहवाल कुणालाही वाचायला खुले आहेत, आणि मागणी-अर्ज भरण्याआधी ते चाळायला अर्धा तास पुरतो. हव्या त्या अँटिबॉडीचा अहवाल तिथे नसेल तर परीक्षा स्वतःच्या बाकावर घेता येते. लॉईड ग्रीन आणि आर्थर टिश्लर यांनी १९७६ मध्ये घुशीच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या अर्बुदापासून पीसी-१२ नावाच्या पेशी वाढवल्या. एनजीएफ घातले की त्यांना तंतू फुटतात. एका बशीत एनजीएफ, दुसरीत एनजीएफ आणि अँटिबॉडी, तिसरीत एनजीएफ आणि कशालाही न धरणारी सशाची साधी अँटिबॉडी, चौथीत काहीच नाही. आठवडाभरात चारही बशा बोलतात. मग वहीत अँटिबॉडीचा वाण, खेप क्रमांक, किती वेळा वितळली, किती विरल केली आणि चारही बशांची छायाचित्रे लागली, की पुढच्या वर्षी त्याच फ्रीझरातून ती नळी काढणाऱ्या विद्यार्थ्याला नव्या जनावराचे रक्त आणि नवे अनुदान न मागता काम पुढे नेता येते.